सिस्टरलाही घर असते

मैत्रिणींनो, आज एक कबुली देऊनच सुरुवात करते.

गेल्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, अकरा दिवस रुग्णालयात राहावे लागले. रात्रीच्या सोबतीला मी असे. चौथ्या रात्री अडीचच्या सुमारास सलाइन संपत आले. मी बेल दाबली. कोणी येईना. पुन्हा दाबली. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. सासूबाई कण्हत होत्या. शेवटी सिस्टर आली तेव्हा माझा तोल सुटला. "झोपा काढायला येता का इथे? स्वतःच्या आईला असं ठेवलं असतंत का?" असे नाही नाही ते बोलले. तिने उलट शब्द काढला नाही. बाटली बदलली, सासूबाईंच्या पायांमधली उशी नीट केली आणि गेली.

सकाळी मी चहा आणायला खाली उतरले, तर ती बसस्टॉपवर उभी. गणवेश बदलून साडी नेसलेली, हातात रिकामा डबा. मला पाहून तिनेच हाक मारली. म्हणाली, "ताई, रात्री तुमची बेल ऐकली होती मी. पण टोकाच्या खाटेवरचे आजोबा नेमके तेव्हाच गेले. त्यांचा मुलगा माझा हात धरून रडत होता. हात कसा सोडवून घेऊ, सांगा?" मग घड्याळाकडे पाहून म्हणाली, "येते हं. मुलाची शाळा साडेदहाची आहे, त्याचा डबा व्हायचाय."

तीस खाटांचा वॉर्ड आणि रात्री त्या दोघीजणी. वास्तविक पाच-सहा रोग्यांमागे एक परिचारिका असावी, अशा बेताचे निकष कागदावर आहेत. पण सरकारी काय, खासगी काय, बहुतेक ठिकाणी हिशेब जुळत नाही. मी रागावले ते माणसे कमी आहेत म्हणून. आणि रागावले कुणावर, तर जी हजर होती तिच्यावर! घरोघरी असेच होते, नाही का? जी राबते तिलाच बोलणी बसतात.

थाळ्या वाजल्या, पुढे काय?

२२ मार्च २०२० ची संध्याकाळ तुम्हांला आठवत असेलच. पाच वाजता आपण सगळ्याजणी गॅलरीत उभ्या राहून डॉक्टर-परिचारिकांसाठी थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. आणि त्याच आठवड्यात, काही ठिकाणी घरमालकांनी डॉक्टरांना आणि परिचारिकांना 'आमच्या घरात रोग नको' म्हणून जागा सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. त्यांच्यावरचे हल्ले इतके वाढले, की एप्रिल २०२० मध्ये सरकारला साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

आपले हे असेच असते. एकीकडे 'देवी', 'माउली' म्हणायचे आणि दुसरीकडे शेजारी नको म्हणायचे. दोन्हींत एक गोष्ट हरवते: ती माणूस आहे. देवीला झोप लागत नाही, तिचे पाय दुखत नाहीत, तिला मूल नसते. माणसाला हे सगळे असते.

परिचारिकेचे काम आपल्याकडे प्रतिष्ठित घरांतल्या बायकांनी करायचे नाही, अशी एके काळी समजूत होती. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले, तेव्हा रमाबाई रानडे यांनी तिथल्या स्त्रियांना, त्यांतल्या विधवांनासुद्धा, हे शिक्षण मिळावे म्हणून पुष्कळ खटपट केली. लोकांची बोलणी सोसली. त्यांनी हे दार उघडून दिले. आत गेलेल्या बायकांची काळजी घेणे हे आता आपल्याकडे लागते.

तुमच्या घरात किंवा शेजारी सिस्टर असेल तर

परिचारिकांच्या पाळ्या तीन: सकाळ, दुपार आणि रात्र. रात्रपाळी बहुधा सर्वांत लांब, कित्येक ठिकाणी बारा तासांची. ती संपवून आलेली सून किंवा शेजारीण दुपारी झोपलेली दिसली, की आपल्या तोंडून पटकन निघते, "काय बाई, भर दिवसा झोपते!" अहो, ती तिची रात्र असते. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते, त्यामुळे दिवसाची झोप मुळातच उथळ आणि अपुरी असते. ती आणखी मोडू नये म्हणून एवढे करा:

खिडकीला जाड, गडद रंगाचा पडदा लावा. नसला तर जुने ब्लँकेट टांगा. दारावर पाटी लावा, 'रात्रपाळी झाली आहे, दोनपर्यंत बेल वाजवू नये.' गॅसवाला, इस्त्रीवाला, पार्सलवाला यांना तुमची बेल वाजवायला सांगा. मिक्सरवर वाटण घाटण तिच्या येण्याआधी उरका. पाहुणे आले तर तिला उठवू नका. चहा दुसरे कोणी करील.

रात्रपाळीहून ती स्कूटर चालवत येत असेल तर घरच्या कोणी तिला आणायला जावे, किंवा तिने बसने यावे. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळच्या उन्हात डुलकी केव्हा लागेल, सांगता येत नाही.

डब्याचेही पाहा. मध्यरात्री तळकट, जड अन्न पचत नाही आणि सुस्ती येते. घरून निघताना नीट जेवू घाला. बरोबर दशमी किंवा मऊ थालीपीठ, दही, एखादे केळे, मूठभर शेंगदाणे-गूळ द्या. चहा रात्री चालेल. पण पहाटेचा टाळलेला बरा, तो सकाळची झोप उडवतो. पाण्याची बाटली विसरू नका. वॉर्ड सोडून वारंवार जाता येत नाही म्हणून कित्येक सिस्टर पाणीच कमी पितात आणि मग लघवीच्या जळजळीने बेजार होतात. घरी आल्याबरोबर तांब्याभर पाणी तिच्यापुढे ठेवा.

पायांचे हाल तर विचारू नका. आठ-आठ तास उभे राहून शिरा फुगतात, आणि रोग्यांना उचलून कंबर धरते. आल्यावर पंधरा मिनिटे पाय भिंतीला टेकवून उंच ठेवून पडू द्या. त्या पंधरा मिनिटांत "भाजी कोणती करायची?" हे तिला विचारायचे नाही. तुम्हीच ठरवा!

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. वापरलेली सुई हाताला टोचली, तर पुष्कळजणी घाबरून किंवा 'घरी काय म्हणतील' म्हणून लपवतात. तिला सांगून ठेवा, की लपवायचे नाही. जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची, दाबून रक्त काढायचे नाही आणि लगेच वरिष्ठांना कळवायचे. एचआयव्ही टाळण्याचे औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. शिवाय हिपॅटायटिस बी या कावीळीच्या लशीचे तिन्ही डोस झाले आहेत ना, हे विचारा.

मन थकते तेव्हा

नोकरीला लागल्यावर ती घरी येऊन वॉर्डातल्या गमती सांगायची, आणि आता गप्प असते. बारीकसारीक गोष्टींवर चिडते. "मला आता कुणी गेलं तरी काही वाटत नाही," असे म्हणते. मैत्रिणींनो, हा निष्ठुरपणा नसतो. अनेक महिने आवाक्याबाहेर ताण सोसला, की माणूस असे कोरडे पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची खूण सांगितली: अंगातले त्राण जाणे, कामाबद्दल दुरावा किंवा तिटकारा वाटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हा रोग नाही, कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण आहे, असेही ती म्हणते. म्हणजेच नुसता 'प्राणायाम कर' हा सल्ला पुरा पडत नाही. रजा मिळाली पाहिजे, माणसे वाढली पाहिजेत.

तोवर आपण काय करावे? ऐकावे. "सोडून दे ती नोकरी" असेही म्हणू नये आणि "एवढं काय त्यात?" असेही म्हणू नये. नुसते, "आज कसं गेलं गं?" एवढे विचारावे आणि कणीक मळता मळता ऐकत राहावे. झोप पार उडाली, सारखे रडू येऊ लागले, जगणे नको वाटू लागले, तर मात्र वाट पाहू नका. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीतही बोलता येते.

कपडे बदलायला खोली, पाठ टेकायला खाट

अरुणा शानबाग हे नाव आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही तरुण परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली असताना तिच्यावर अत्याचार झाला, गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा कधीच उठली नाही. १८ मे २०१५ रोजी ती गेली. मधली जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी तिला न्हाऊमाखू घातले, भरवले, आपल्या घरातल्या माणसासारखे सांभाळले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण सेवा खंडली नाही.

आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात एका तरुण डॉक्टर मुलीचा रुग्णालयातच बलात्कार करून खून झाला. लांबलचक ड्यूटीत जरा पाठ टेकायला ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती. पन्नास वर्षे मध्ये गेली. एकीला कपडे बदलायला सुरक्षित खोली नव्हती, दुसरीला विश्रांती घ्यायला. सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर डॉक्टर-परिचारिकांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. पण आपल्या गावच्या रुग्णालयात काय आहे, हे आपणच पाहायला नको का?

आपली महिला मंडळे दरवर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, शाल-श्रीफळ देतात. जरूर द्या. पण त्याआधी मेट्रनबाईंना भेटून विचारा: सिस्टरसाठी वेगळी खोली आहे का? तिला आतून कडी आहे का? जिन्यात दिवा लागतो का? स्वच्छतागृह कुठे आहे? कडी, दिवा, एक पंखा, दोन खाटा, पाण्याचा फिल्टर, एवढे तर आपले भिशीचे मंडळही जमवू शकते. जे आपल्याला जमण्यासारखे नाही, ते नगरसेवकाकडे आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे लेखी मागा. दहा बायकांच्या सह्या असल्या की कागद हलतो.

आपण रुग्णालयात असतो तेव्हा

रोग्याजवळ एकावेळी एकच जण थांबा. सगळे प्रश्न कागदावर लिहून ठेवा आणि एकदाच विचारा. पाणी देणे, भांडे रिकामे करणे हे आपल्याला जमत असेल तर त्यासाठी बेल दाबू नका. सलाइन मात्र स्वतः काढू-लावू नका. 'ए नर्स' म्हणू नका. 'सिस्टर' म्हणा, नाव विचारून घेतलेत तर फारच छान.

आणि घरातल्या पुरुषमंडळींचा आवाज चढला, तर त्यांना हाताला धरून बाहेर न्यायचे काम आपलेच. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे: वैद्यकीय सेवकांवर हात उगारला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पोलीस येतात ते नंतर. त्या क्षणी तिथे आपणच असतो.

दारी येणाऱ्या आशाताईंनाही विसरू नका. २००५ पासून या योजनेतल्या बायका घरोघर फिरतात. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरवही केला. तरी त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. उन्हातून आलेल्या बाईला दारातूनच उत्तरे देऊ नका. आत बोलवा, खुर्ची द्या, पाणी द्या.

सासूबाई घरी आल्या त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले होते. माझी सिस्टर म्हणाली, "ताई, पेढे वॉर्डात वाटा. मला द्यायचंच असेल तर दोन ओळी लिहून द्या. तक्रारीची पत्रं आमच्या फायलीत पुष्कळ असतात, चांगलं कुणी लिहीत नाही." मी तिथेच बाकावर बसून मेट्रनबाईंच्या नावे पत्र लिहिले. तारीख घातली, तिचे नाव घातले, त्या रात्री काय घडले ते सगळे लिहिले. माझे चुकले हेसुद्धा.

पत्राला एक कागद आणि दहा मिनिटे लागली. तुमच्याकडूनही असे एखादे पत्र राहिले असेल, तर आज दुपारची कामे आटोपल्यावर लिहून टाका.