दहाचे तीन
(लेखांक 7)

मागच्या लेखात आपण रेग्युलेटरच्या इनपुटला 10 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला. 25 व्होल्टचा, 0603 आकाराचा, एक्स-फाइव्ह-आर. सप्लाय 12 व्होल्टचा, म्हणजे दुपटीहून जास्त मोकळीक. तरीही 12 व्होल्टवर त्याचे दहाचे तीन मायक्रोफॅरड उरले, तरी नवल नाही.

याचं मूळ बेरियम टायटनेटमध्ये आहे. साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या स्फटिकातला टायटॅनियमचा आयन मध्यापासून किंचित सरकलेला असतो. त्यामुळे स्फटिकात ध्रुव तयार होतात आणि बाहेरच्या विद्युतक्षेत्रानुसार दिशा बदलतात. या हालचालीमुळेच एवढ्याशा तुकड्यात एवढी धारकता मावते. पण आतला थर जेमतेम एक मायक्रॉन जाडीचा असेल, तर पाच व्होल्टलाही क्षेत्र मीटरला 50 लाख व्होल्ट होतं. एवढ्या क्षेत्रात बहुतेक ध्रुव एकाच दिशेला जखडले जातात आणि वर येणाऱ्या लहान चढउतारांना प्रतिसाद द्यायला फारसं कुणी मोकळं उरत नाही.

एक्स-सेव्हन-आर म्हणजे 15 टक्क्यांच्या आतला फरक, असं बरेच जण धरून चालतात. ते 15 टक्के फक्त तापमानाचे आहेत, उणे 55 ते 125 अंशांपर्यंतचे. व्होल्टेजबद्दल हा कोड चकार शब्द काढत नाही. एलसीआर मीटरही नेहमीच्या मापनात डीसी न लावता, लहानशा एसी सिग्नलवर मोजतो, म्हणून तो दहाच दाखवतो. या तुकड्यांच्या अंगावर सहसा काही छापलेलंही नसतं. रिळावरून एकदा सुटला की एक्स-सेव्हन-आर कोणता आणि वाय-फाइव्ह-व्ही कोणता, हे नजरेला कळत नाही. त्यामुळे उत्पादकाचा डीसी बायसचा आलेख पाहिल्याशिवाय मी तरी कुणाला भाग ठरवू देणार नाही.

घरी तपासायचं तर कपॅसिटर 12 व्होल्टला चार्ज करा, सप्लाय काढा आणि एक मेगओहमच्या रोधातून रिकामा होऊ द्या. मल्टीमीटर जोडलेला ठेवा, हातात स्टॉपवॉच घ्या. धारकता स्थिर असती, तर 12 वरून 6 वर यायला जितका वेळ, तितकाच 6 वरून 3 वर यायला लागला असता. मीटरचा दहा मेगओहमचा रोध धरून सहा-सात सेकंद. प्रत्यक्षात पहिला टप्पा झरकन संपतो आणि दुसरा रेंगाळतो, कारण व्होल्टेज उतरेल तशी धारकता परत येते. एनपीओ जातीचा भाग घेतला, तर दोन्ही टप्पे सारखे येतात. फक्त त्याची धारकता लहान असते, म्हणून रोध मोठा आणि मोजायला ऑसिलोस्कोप लागेल.

उपाय निवडताना नुसतं व्होल्टेज रेटिंग वाढवून भागत नाही. त्याच 0603 मध्ये 35 व्होल्टचा घेतला, तरी आलेख पुष्कळदा जवळपास तसाच निघतो. 1206 आकारात थर जाड ठेवायला जागा असते, म्हणून तिथे सहसा खरा फरक पडतो. तेवढी जागा बोर्डवर नसेल, तर दोन-तीन समांतर लावा आणि बेरीज छापील आकड्यांची न करता 12 व्होल्टवरच्या आकड्यांची करा.

पुढच्या लेखांकात: हेच कपॅसिटर बोर्डवर गुणगुणतात का, आणि बोर्ड वाकला की तडकतात कसे.