हरणांच्या कुरणातून औषधाच्या कपाटात

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ऑगस्ट संपत आला की एक वेगळीच पेरणी सुरू होते. मका अजून शेतात उभा असतो, सोयाबीन पिवळे पडू लागलेले असते आणि रानाच्या कडेला अर्धा-एक एकर जमीन तयार करून तिच्यात राय आणि क्लोव्हर टाकले जाते. हे पीक विकायचे नसते, घरच्या गुरांनाही घालायचे नसते. ते असते रानातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी. कोणी हरणे पाहण्याच्या हौसेने पेरतो, कोणी नोव्हेंबरातल्या शिकारीच्या हंगामावर डोळा ठेवून पेरतो.

राय म्हणजे आपली फोडणीची राई नव्हे. ते गव्हाच्या जातकुळीतले, थंडीला दाद न देणारे धान्य आहे. क्लोव्हर मात्र आपल्या दूध उत्पादकांना परके नाही. रब्बीत ओलिताखाली घेतला जाणारा बरसीम हा क्लोव्हरचाच सख्खा भाऊ. हरणांसाठी बहुधा पांढरा क्लोव्हर निवडतात. तो एकदा रुजला की तीन-चार वर्षे टिकतो.

या जोडीमागे चांगला हिशेब आहे. क्लोव्हरचे बी बारीक, रोप नाजूक आणि वाढ संथ. रायचे बी मोठे. जमीन जवळजवळ गोठण्याइतकी गार असतानाही ते उगवते. म्हणून राय आधी वर येते, माती धरून ठेवते, तणाला दाबते आणि तिच्या आडोशाला क्लोव्हर मूळ धरतो. साधारण एकरी वीस-पंचवीस किलो राय आणि दोन-तीन किलो क्लोव्हर पुरतो. रायचे बी बोटाच्या एका पेराइतके खोल चालते. क्लोव्हरचे मात्र मातीत जेमतेम झाकले जाईल इतकेच. ते खोल गेले की वर येतच नाही.

पेरणीआधी मातीची तपासणी होते. माती आम्लधर्मी असेल तर चुना टाकून सामू सहा ते सातच्या दरम्यान आणतात. क्लोव्हरच्या बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळतात. हे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पकडतात. त्यामुळे क्लोव्हर रुजल्यावर नत्राचे खत दिले जात नाही. दिलेच तर ते गवताला आणि तणाला लागते आणि क्लोव्हर मागे पडतो.

बर्फ पडेपर्यंत हरणे रायची कोवळी पाती खुडतात. वसंतात बर्फ वितळला की राय पुन्हा हिरवी होते, पण आता ती भराभर उंच जाते, दांडा कडक होतो आणि हरणे तोंड फिरवतात. या टप्प्यावर ओंबी धरण्याआधी राय कापायची असते. कापली नाही तर तिच्या सावलीत क्लोव्हर गुदमरतो. पुढे उन्हाळ्याच्या तोंडाला तण वर काढू लागले की क्लोव्हरचीही वरवर छाटणी करतात, म्हणजे नवी कोवळी पालवी फुटते. कुठे क्लोव्हर विरळ झाला असेल तर हिवाळा सरता सरता त्याचे बी नुसते वरून फेकतात. रात्री गोठणारी आणि दिवसा सैल होणारी माती ते बी भेगांत ओढून घेते.

कुरणात जाळीचा एक छोटा पिंजराही ठेवलेला असतो. त्याच्या आतले गवत हरणांना खाता येत नाही. आतली उंची आणि बाहेरची उंची यातला फरक पाहिला की हरणांनी किती खाल्ले ते कळते. आत गुडघाभर आणि बाहेर जमिनीलगत असेल, तर कुरण लहान पडते आहे किंवा हरणे फार झाली आहेत.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा थंडीत मक्याचा ढीग टाकला तर काय बिघडते, असा प्रश्न पडेल. उत्तर हरणाच्या पोटात आहे. हरीण रवंथ करणारा प्राणी. त्याच्या पोटातले सूक्ष्मजीव त्या त्या ऋतूच्या चाऱ्याला सरावलेले असतात. हिवाळ्यात डहाळ्या आणि कळ्यांवर जगणाऱ्या हरणाने एकदम पोटभर मका खाल्ला तर पिष्टमय पदार्थ झपाट्याने आंबतात, लॅक्टिक आम्ल साचते आणि एक-दोन दिवसांत ते मरू शकते; तेही पोट भरलेले असताना. गोठ्यातून सुटलेल्या म्हशीने धान्याचे पोते फस्त केले किंवा लग्नघरातला उरलेला भात तिला घातला, तर आपल्याकडेही हेच होते. राय आणि क्लोव्हर हा हळूहळू वाढणारा, हळूहळू खाल्ला जाणारा हिरवा चारा आहे. पोटाला त्याची सवय व्हायला वेळ मिळतो.

ढिगाचा दुसरा धोका गर्दीचा. एका ढिगाभोवती पंधरा-वीस तोंडे येतात आणि लाळ एकमेकांत मिसळते. १९६७ साली कोलोरॅडोत पाळीव हरणांमध्ये एक खंगवणारा आजार प्रथम दिसला. हरीण वाळत जाते, लाळ गाळते, तोल सांभाळू शकत नाही आणि मरते. याचे कारण जिवाणू नाही की विषाणू नाही. प्रायॉन नावाचे चुकीच्या घडीचे प्रथिन आहे. २००२ मध्ये हा आजार विस्कॉन्सिनमध्ये सापडला आणि आता तो अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत आहे. प्रायॉन लाळेतून, मूत्रातून, विष्ठेतून बाहेर पडतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. शिजवल्याने ते नष्ट होत नाहीत. म्हणूनच आजार असलेल्या अनेक भागांत हरणांना ढीग घालून खाऊ घालण्यावर बंदी आहे. पसरलेल्या कुरणात तोंडाला तोंड कमी लागते, पण हरणे एकत्र येतातच. धोका घटतो, संपत नाही.

माणसाला हा आजार झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित भागातील हरणाचे मांस तपासून घ्यावे आणि दोष आढळल्यास खाऊ नये, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. त्याला कारण आहे. गुरांमधला प्रायॉनचा आजार माणसात येणार नाही, असे ब्रिटनमध्ये लोकांना सांगितले गेले होते. १९९६ साली तो आल्याचे मान्य करावे लागले.

हरणांच्या अंगावरची गोचीड हा तिसरा प्रश्न. लाइम या आजाराचा जिवाणू गोचीड उचलते ती मुख्यतः उंदरांकडून. हरीण तिला जिवाणू देत नाही; ते पूर्ण वाढलेल्या मादीला रक्त देते आणि त्या रक्तावर ती हजारो अंडी घालते. सिंधुदुर्गातल्या वाचकांना ही साखळी ओळखीची वाटेल. २०१६ पासून तिथे आढळणारा माकडताप विषाणूचा, आजार वेगळा. पण गोचिडींची संख्या वाढवण्यात मोठ्या जनावराचा वाटा तिथेही आहे, फक्त हरणाच्या जागी गुरे आहेत. रानातून आल्यावर अंग तपासणे, चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढणे आणि तिच्यावर रॉकेल किंवा पेटती काडी न लावणे, हे नियम दोन्हीकडे सारखेच. त्यानंतर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगावे.

आता पुन्हा त्या वेळेवर न कापलेल्या रायकडे. वसंत गार आणि ओला गेला तर फुलावर आलेल्या रायवर एक बुरशी बसते. दाण्याच्या जागी काळपट जांभळी, कोंबड्याच्या नखीसारखी गाठ तयार होते. हा अरगट. राय वेळेत कापली तर फूलच येत नाही आणि अरगटही होत नाही.

मध्ययुगीन युरोपात गरिबांची भाकरी रायची असे आणि तिच्यात अरगट दळला जाई. त्यातली द्रव्ये रक्तवाहिन्या आवळतात. हातापायांची आग होई, बोटे काळी पडून झडत, काहींना झटके येत, गर्भवतींचे गर्भ पडत. लोक त्याला संत अँथनीची आग म्हणत. पण सुइणींना दुसरीही गोष्ट माहीत होती. अरगटाने गर्भाशय घट्ट आवळते. १८०८ साली न्यूयॉर्क राज्यातील डॉक्टर जॉन स्टर्न्स यांनी अडलेल्या बाळंतिणीसाठी अरगटाच्या भुकटीची शिफारस केली. थोड्याच वर्षांत मृत जन्मलेली मुले वाढल्याचे दिसले. आवळलेले गर्भाशय सैल होत नव्हते आणि आतले बाळ गुदमरत होते. तेव्हा डेव्हिड होसॅक या डॉक्टरांनी सांगितले की हे औषध बाळ जन्मण्याआधी नको, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठीच वापरा.

तो नियम आजही पाळला जातो. अरगटापासून आलेले मिथाइल एर्गोमेट्रीन आपल्या सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती कक्षात, फ्रिजमध्ये, उजेडापासून दूर ठेवलेले असते. बाळंतपणानंतर पहिला मान ऑक्सिटोसिनचा. त्याने रक्त थांबले नाही तर ही छोटी कुपी फोडली जाते. मात्र ते रक्तवाहिन्याही आवळते, म्हणून रक्तदाब जास्त असलेल्या स्त्रीला देत नाहीत. गरोदरपणात रक्तदाब वाढला होता ही माहिती आणि तपासणीचे कार्ड बाळंतपणाला येताना सोबत असावे, ते यासाठीही.

अरगट आपल्याकडे बाजरीवर येतो. बुरशी त्याच कुळातली, द्रव्ये थोडी वेगळी. १९५०च्या दशकात पश्चिम भारतात आणि १९७५ साली राजस्थानात अशी बाजरी खाऊन मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी यांनी लोक आजारी पडले होते. पेरणीचे बियाणे वीस टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटरला दोन किलो मीठ, घालून ढवळले की हलक्या गाठी वर तरंगतात. त्या काढून जाळाव्यात, खालचे बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. खायच्या बाजरीतही काळपट गाठी दिसल्या तर निवडून टाकाव्यात. तशी बाजरी दळायला देऊ नये.

क्लोव्हरच्या नात्यातलीही एक गोष्ट दवाखान्यात पोहोचली. मेलिलोटस म्हणजे गोड क्लोव्हर हा खऱ्या क्लोव्हरचा चुलतभाऊ; हरणांच्या कुरणातही काही जण तो मिसळतात. हिरवा असताना तो निर्धोक. पण ओलसर राहून बुरशी आलेल्या त्याच्या वाळल्या चाऱ्याने १९२०च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतली गुरे मरू लागली. शिंगे कापली किंवा खच्चीकरण केले की रक्त थांबतच नसे. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्यांनी दोष बुरशी आलेल्या चाऱ्याकडे नेला.

फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनच्या डिअर पार्क या गावचा एक शेतकरी हिमवादळात सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि खराब चाऱ्याचा भारा. सरकारी पशुवैद्याचे कार्यालय बंद होते. तो विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या दारात पोहोचला. लिंक त्याला एवढेच सांगू शकले की तो चारा घालू नकोस. पण काम तिथून सुरू झाले. १९३९ साली त्यांच्या प्रयोगशाळेत चाऱ्यातले द्रव्य, डायकुमेरॉल, वेगळे झाले. त्याच्यावरून बनलेले वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झाले.

आज ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे, त्यांच्यासाठी ही गोळी म्हणजे आयुष्याची सोबत आहे. संधिवाताच्या तापाने तरुणपणीच झडप गेलेले कितीतरी जण आपल्या सरकारी रुग्णालयांत ती घेतात. ती बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन झडप अडकते किंवा पक्षाघात होतो. जास्त झाली तर त्या कालवडीसारखा रक्तस्राव होतो. मधली वाट अरुंद आहे आणि ती आयएनआर या रक्ततपासणीने कळते. कुरणात जाळीचा पिंजरा जे काम करतो, तेच काम ही तपासणी करते. तिच्याशिवाय सगळा अंदाजच.

म्हणून वॉर्फरिन घेणाऱ्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी; एक चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पालेभाजी सोडू नये, पण खाण्यात एकसारखेपणा ठेवावा. एका आठवड्यात रोज पालक आणि पुढच्यात अजिबात नाही, असे झाले की आयएनआर हलतो. अंगदुखीची गोळी, प्रतिजैविक किंवा काढा विचारल्याशिवाय घेऊ नये. दात काढायला किंवा इंजेक्शन घ्यायला गेल्यावर ‘मी रक्त पातळ करण्याची गोळी घेतो’ हे आधी सांगावे. बाईला दिवस राहिल्याची शंका आली तर लगेच डॉक्टरांना भेटावे, कारण ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. मात्र आपल्या मनाने ती बंद करू नये. काळी शौचास होणे, हिरड्यांतून रक्त येणे, डोक्याला मार लागणे, यापैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि जाताना शेवटच्या आयएनआरचा कागद विसरू नये.