पाडाच्या महिन्यातले धोंडे

आंब्याच्या सारणाचे धोंडे माझ्या आजोळी, बिडकीनला, माझ्या आठवणीत चारदाच झाले आहेत. १९९९, २००७, २०१८ आणि यंदा २०२६. पदार्थ काही अवघड नाही. अडचण पंचांगाची आहे. धोंडे करायचे अधिक महिन्यात आणि सारणाला हवा पाडाचा आंबा. या दोघांची गाठ फक्त अधिक ज्येष्ठातच पडते.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी मागे पडणारे अकरा दिवस साचत जातात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक आख्खा महिना जादा धरावा लागतो. तो कधी श्रावण असतो, कधी आश्विन. यंदा १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ आला. २०१० साली अधिक वैशाख होता, पण तो मेच्या मध्यावरच संपला आणि बांधावरचा गावरान आंबा तेव्हा टणक होता. त्या वर्षी मुकाट्याने पुरण भरलं. एकोणीस वर्षांनी चंद्र-सूर्याचा हिशेब बहुधा जुळून येतो, म्हणून १९९९ची जोडी २०१८शी लागली आणि २००७ची यंदाशी. आजीला हे गणित ठाऊक नव्हतं. "तुझं लगीन झालं त्या साली आंबा घावला होता," एवढ्यावर तिचा हिशेब चाले.

पंचांगवाले याला अधिक मास किंवा पुरुषोत्तम मास म्हणतात. गावात तो धोंड्याचा महिना. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, जावयाला नारायण मानून तेहतीसचं वाण द्यायचं. वाणात जाळीदार म्हणून अनारसे किंवा बत्तासे आणि पानात धोंडे. धोंडे म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून वळलेले गोळे. कुणी तळतं, कुणी पाण्यात सोडतं, आमच्याकडे वाफवतात. नागपंचमीला तवा ठेवत नाहीत म्हणून पुरणाची दिंडं वाफेवर करतात, त्यांचंच हे गोल भावंड. नाव दगडाचं असलं तरी धोंडा बोटाने दबला पाहिजे. दबला नाही तर जावई काही बोलत नाहीत, पण पुढचा उचलतही नाहीत.

आता आंब्याचं. पिकल्या आंब्यात पाच भागांतले चार भाग पाणीच असतं. फोडी तशाच भरल्या तर वाफेच्या उष्णतेने फळ पाणी सोडतं, पारी आतून चिकट होते आणि धोंडा शिवणीवर उलतो. युरोपात याचीच उलटी रीत आहे. ऑस्ट्रियात आणि चेकियात बटाट्याच्या किंवा ताज्या चीजच्या कणकेत आख्खा जर्दाळू किंवा प्लम भरून गोळे उकळत्या पाण्यात सोडतात. प्लमची बी काढून त्या जागी साखरेचा खडा ठेवायचा आणि वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा लावायचा. तिथे फळाची सालच पिशवीचं काम करते, रस आतच राहतो. आंब्याची साल काढून टाकावी लागते, म्हणून आमच्याकडे रस आटवण्याला पर्याय नाही.

तेहतीस धोंड्यांना तीन किलो आंबे लागतात. हाताने पिळले की दीड लिटरच्या आसपास रस निघतो. तो आटून अर्धा किलो राहिला पाहिजे. लोखंडी कढई चालत नाही, आंब्याच्या आंबटपणाने रस काळवंडतो. बिनकल्हईच्या पितळेत कळकतो. म्हणून धोंड्याचा महिना लागायच्या आत कल्हईवाल्याला गाठायचं, हे मामीचं पहिलं काम. रस मंद आचेवर ठेवला की दीड-दोन तास तिथून हलायचं नाही. पातळ असेपर्यंत तो गुमान शिजतो. घट्ट झाला की उसळतो आणि मनगटावर चटके देतो, म्हणून लांब दांड्याचं उलथनं. उलथनं उभं राहिलं की सारण झालं. "आळला का पाय गं," आजी बाहेरून विचारायची, आणि आम्ही पोरी उलथनं सोडून द्यायचो. ते कलंडायचं.

साखर घालत नाहीत, गूळही नाही. आटल्यावर आंब्याची स्वतःची साखर पुरते. गार झाल्यावर दोन मुठी भाजलेलं सुकं खोबरं, चमचाभर खसखस, जायफळ आणि कणभर मीठ. सहाशे ग्रॅम कणकेला तीन चमचे कडकडीत मोहन, कोमट पाण्यात सैलसर भिजवून अर्धा तास झाकून ठेवायची. पारी मधे जाड आणि कडेला पातळ, कारण मिटताना कडा एकत्र येऊन तिथेच गाठ बनते. चाळणीवर ओला फडका, पंधरा मिनिटं वाफ, आणि पानात वाढताना तुपाची वाटी वेगळी.

आजीच्या वेळी आंबा गावरान होता, रेषेदार आणि पातळ रसाचा. तीन तास आटवावा लागे. २०१८पासून केशर आला. या जातीचं मूळ जुनागढचं. १९३४ साली तिथल्या नवाबाने गराचा रंग पाहून तिला हे नाव दिलं असं सांगतात. मराठवाड्याच्या केशरला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मामाने कलमं आणली ती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रातून. केशरचा गर दाट, दीड तासात आळतो, रंगही सुरेख. पण गावरानचा आंबटपणा त्यात नाही, तेव्हा मामी अर्धं लिंबू पिळते. मला विचाराल तर लिंबाने ते भागत नाही. बांधावरचं ते झाड आता नाही. पैठण रस्त्याच्या आसपास आता ऑरिकची औद्योगिक वसाहत उभी राहते आहे आणि यंदा जेवायला आलेला नवा जावई तिथेच नोकरीला आहे.

एकदा आम्ही पंचांगावर मात करायला गेलो. २०२०ला अधिक आश्विन, म्हणजे सीताफळाचा हंगाम. बाजारात बालाघाटाची सीताफळं आलेली, शेजारच्या बीडच्या सीताफळालाही २०१६चंच मानांकन. मामीने गर काढून आंब्यासारखाच आचेवर ठेवला. दहा मिनिटांत गर तपकिरी झाला आणि चवीला कडवट. सीताफळाला आच सोसत नाही, म्हणून बासुंदीतही ते गार झाल्यावरच मिसळतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. कोरोनामुळे जावई आलेच नव्हते, तेवढं बरं झालं.

यंदा मामीने पस्तीस धोंडे वळले. दोन नेहमी उलतात, तेवढे धरूनच ती कणीक भिजवते. उललेले वाणात चालत नाहीत, ते स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या खायचे, वाहून आलेल्या सारणासकट, बोटं भाजत. यंदा मात्र एकही उलला नाही. पस्तीस आख्खे धोंडे बघून मामी जरा वेळ गप्प राहिली, मग त्यातले दोन तिने हातानेच मोडले आणि आमच्यापुढे सरकवले.