हौस विमानाची, तयारी जमिनीवरची

गुरुवार उजाडला की सोमाटणे फाट्यावरून शिरगावकडे वळणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. ‘प्रतिशिर्डी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साईमंदिरामुळे मावळातले हे लहानसे गाव पुण्या-मुंबईच्या भाविकांना परिचित झाले आहे. मात्र मंदिर मागे टाकून पवनेच्या खोऱ्यात थोडे आत शिरले की गर्दी विरते आणि भाताची खाचरे व उसाचे फड सुरू होतात. दिवाळीनंतर भात निघाला की ही खाचरे रिकामी पडतात. शहरात जिथे पतंगालाही जागा उरली नाही, तिथून आलेल्या माणसाला एवढे मोकळे आभाळ दिसले, की त्याच्या डोक्यात नाना कल्पना येतात. माझ्या डोक्यात आली ती विमान उडवण्याची. अर्थात रिमोटवर चालणारे, हातभर लांबीचे.

ते पहिले विमान आठव्या मिनिटाला उसात गेले. ते दिसायला लढाऊ जातीचे, आखूड पंखांचे आणि वेगवान होते, म्हणूनच मी ते घेतले होते. दुकानदाराने ‘आधी शिकायचे विमान घ्या’ असे सुचवले, ते मी कानाआड केले. वारा पाठीशी घेऊन विमान लांब गेले, इतके लांब की ते येते आहे की जाते आहे हे कळेना. त्या दिशेला पुढे पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग होता. त्या दहा-पंधरा सेकंदांत माझ्या मनात काय येऊन गेले ते सांगण्याजोगे नाही. सुदैवाने विमान रस्त्याच्या बरेच अलीकडे, उभ्या उसात कोसळले. ‘‘काका, आत जाऊन शोधू का?’’ असे शेतमालकाला विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘‘शोधा की साहेब, पण सरी धरून चाला. आडवं शिरू नका, ऊस मोडतो.’’ दोन तास सरी धरून चाललो, तेव्हा कुठे विमानाचे अवशेष हाती लागले.

या छंदाला काय काय लागते, असे अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर देताना मला तो ऊस आठवतो.

सर्वप्रथम विमान. शिकाऊ उमेदवाराने ‘ट्रेनर’ प्रकारचेच विमान घ्यावे. त्याचे पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले असतात आणि टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. त्यामुळे हात सोडला तरी एका बाजूला कललेले विमान बऱ्याच अंशी आपले आपण सरळ होते. लढाऊ आकाराच्या विमानाला हा गुण नसतो. ते जिथे वळवाल तिथे वळते आणि वळलेलेच राहते. पंखांचा विस्तार सव्वा मीटरच्या आसपास आणि वजन किलोभर असले की पुरे. फार छोटे विमान स्वस्त पडते, पण वाऱ्याच्या झुळकेने भरकटते. पूर्वी ही विमाने बाल्सा या हलक्या लाकडाची करत आणि त्यावर कागद किंवा पातळ आवरण चढवत. एकदा आपटले की महिनाभर दुरुस्ती! हल्लीची विमाने लवचिक फोमची असतात. पंख मोडला तर तो शेतातच जोडून पुन्हा उडवता येतो.

इंजिनाचा प्रश्न आता जवळजवळ निकालात निघाला आहे. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या छोट्या इंजिनांचा आवाज व वास ज्यांनी अनुभवला आहे, ते आजही त्यांच्या आठवणीने हळवे होतात. नवख्याने मात्र विजेवरची ब्रशलेस मोटर घ्यावी. तिच्यासोबत वेग नियंत्रित करणारे सर्किट लागते, ज्याला ‘ईएससी’ म्हणतात. किलोभराच्या विमानाला साधारण ३० अँपिअरचे पुरते. शेपटीचे आणि पंखांचे पट्टे हलवायला नऊ-नऊ ग्रॅमच्या छोट्या मोटरी, म्हणजे ‘सर्व्हो’ असतात. हे सारे बहुतेक वेळा विमानासोबत बसवूनच मिळते, त्यामुळे त्यात फार डोके घालण्याची गरज नाही.

ट्रान्समीटरच्या, म्हणजे आपण ज्याला सरसकट रिमोट म्हणतो त्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. विमाने येतात आणि मोडतात, रिमोट वर्षानुवर्षे हातात राहतो. किमान चार चॅनेल हवेत: मोटरचा वेग, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर, शेपटीचे सुकाणू आणि पंखांवरचे एलेरॉन. सहा चॅनेलचा घेतला तर पुढच्या विमानालाही चालतो. जुन्या रिमोटमध्ये क्रिस्टल बसवलेले असत आणि प्रत्येकाची कंपनसंख्या ठरलेली असे. एकाच कंपनसंख्येचे दोघे एकाच वेळी मैदानावर उतरले, तर एकाचे विमान हमखास खाली येई. म्हणून मैदानावर फळी टांगून तिच्यावर कपड्यांचे चिमटे लावत. ज्याच्याकडे चिमटा, त्यानेच रिमोट सुरू करायचा. २.४ गिगाहर्ट्‌झचे रिमोट आल्यावर ही भानगड संपली. रिमोट आणि विमानातला रिसीव्हर एकमेकांशी ‘बांधलेले’ असतात आणि शेजारच्याचा रिमोट आपल्या विमानाला ओळखत नाही. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून विनापरवाना खुला आहे.

येथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. रिमोटमध्ये ‘मोड १’ आणि ‘मोड २’ अशा दोन पद्धती असतात. दुसऱ्या पद्धतीत मोटरचा वेग डाव्या हाताच्या दांडीवर आणि एलिव्हेटर उजव्या हाताच्या दांडीवर असतो. पहिल्या पद्धतीत हे दोन्ही उलट. कोणती पद्धत चांगली यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जो तुम्हाला शिकवणार आहे त्याची जी पद्धत, तीच घ्यावी. म्हणजे अडचणीच्या क्षणी रिमोट त्याच्या हाती देता येतो. काही रिमोट एकमेकांना जोडता येतात, त्यात शिक्षक एक बटण सोडून विमानाचा ताबा स्वतःकडे घेऊ शकतो.

रिसीव्हरमधील ‘फेलसेफ’ ही सोय अनेक जण तपासतच नाहीत. रिमोटचा संपर्क तुटला तर विमानाने काय करावे, हे आधी ठरवून ठेवता येते. ते ठरवले नसेल तर काही रिसीव्हर शेवटची आज्ञा तशीच धरून ठेवतात. म्हणजे मोटर पूर्ण वेगात असताना संपर्क तुटला, तर विमान त्याच वेगात निघून जाते. संपर्क तुटताच मोटर बंद व्हावी, अशी मांडणी करावी आणि ती जमिनीवर तपासावी: आधी पंखा काढावा, मग मोटर सुरू करून रिमोट बंद करावा. मोटर थांबली तर ठीक. पंखा न काढता हा प्रयोग करू नये, बोटे तुटतात.

आता बॅटरी. यात विजेवरच्या विमानाचे सारे सामर्थ्य आहे आणि साऱ्या धोक्यांचे मूळही. लिथियम पॉलिमर बॅटरीच्या एका घटाचा दाब सरासरी ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. तीन घटांची, ११.१ व्होल्टची, २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी नवख्याच्या विमानाला योग्य. विमान सरासरी १५ अँपिअर वीज ओढते असे धरले, तर ही बॅटरी पावणेनऊ मिनिटांत रिकामी होईल. पण ती पूर्ण रिकामी करायची नसते, पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा असतो. तेव्हा उड्डाण सात मिनिटांचे समजावे आणि रिमोटवर तसा गजर लावावा. माझे पहिले उड्डाण आठव्या मिनिटाला संपले, त्यात या हिशेबाचाही वाटा होता. विमान माघारी वळवायला जोर हवा होता, तेव्हाच मोटर मंदावली.

या बॅटरीला चार्जरही तिचाच लागतो. प्रत्येक घट समान भरणारा, ‘बॅलन्स’ चार्जर. २२०० च्या बॅटरीला २.२ अँपिअरने भरावे, साधारण तासाभरात ती भरते. फुगलेली, टोचलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा भरू नये, कारण ती पेट घेऊ शकते. भरताना फरशीवर, पडदे व गाद्यांपासून दूर ठेवावी आणि स्वतः जवळ बसावे. ‘रात्री लावून झोपलो’ ही मोबाइलची सवय येथे घातक आहे.

किरकोळ सामानात दोन-चार जादा पंखे, स्क्रूड्रायव्हर, पाने, चिकटपट्टी, वेल्क्रो आणि पाच मिनिटांत घट्ट होणारे दोन नळ्यांचे इपॉक्सी असावे. साध्या थर्माकोलचे विमान झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नये, तो थर्माकोल खातो. बॅटरीचा दाब दाखवणारा छोटा मीटर आणि विमान हरवल्यावर वाजणारा बझर या दोन स्वस्त वस्तू उसाच्या प्रदेशात सोन्याच्या मोलाच्या आहेत. विमान, रिमोट, चार्जर आणि दोन बॅटऱ्या मिळून साधा संच १५ ते २० हजार रुपयांच्या घरात जातो. पहिल्या खरेदीला याहून अधिक घालण्याचे कारण नाही.

पण पैसे देण्याआधी संगणकावर सिम्युलेटर चालवून पाहावा. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर डावे ते डावेच असते. ते आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटते. नवख्याची निम्मी विमाने येथेच पडतात. संगणकावर शंभर विमाने पाडली तरी खर्च शून्य.

विमान जुळवल्यावर समतोल पाहावा. पंखाची रुंदी २० सेंटीमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून पाच ते साडेसहा सेंटीमीटरवर दोन बोटांनी उचलले असता ते आडवे राहिले पाहिजे. शेपूट खाली झुकत असेल, तर बॅटरी पुढे सरकवावी. शेपूट जड असलेले विमान हातात राहत नाही. त्यानंतर एलेरॉन उलटे तर हलत नाहीत ना, हे विमानाच्या मागे उभे राहून पाहावे.

जागेचा विचार मी शेवटी मांडतो आहे, पण तो करावा आधी. हे खेळणे नव्हे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या किलोभराच्या विमानात जितकी ऊर्जा असते, तितकीच ताशी १०० किलोमीटर वेगाच्या क्रिकेट चेंडूत असते. जवळच्या गहुंजे स्टेडियमवर तो चेंडू अंगावर घेणारा फलंदाज हेल्मेट आणि पॅड घालून उभा असतो. शेतात खुरपणी करणाऱ्या बाईंच्या डोक्यावर फक्त पदर असतो. म्हणून वस्ती, रस्ता, उच्चदाबाच्या विजेच्या तारा आणि मंदिराची गर्दी यांपासून दूर, मालकाची परवानगी घेऊनच उडवावे. द्रुतगती मार्गाच्या आसपास तर विमान पेटीबाहेरही काढू नये.

कायद्याचेही भान हवे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोन नियमांत केवळ ‘ड्रोन’ नव्हे, तर शिक्षण वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवले जाणारे, २५ किलोपर्यंतचे मॉडेल विमानही येते. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतची, म्हणजे सुमारे १२० मीटरची उंची मोकळी आहे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण नाही. शिरगाव लोहगाव विमानतळापासून दूर असले, तरी देहूरोडची छावणी आणि लष्करी कोठारे जवळ आहेत. त्यामुळे ‘गावाकडे कोण विचारतो’ असे समजू नये. त्या दिवशीचा हवाई नकाशा पाहावा, पोलिसांचे बंदी आदेश अधूनमधून निघतात तेही पाहावेत आणि गावच्या पोलीस पाटलांना सांगून ठेवावे.

मावळात उडवण्याची उत्तम वेळ म्हणजे हिवाळ्यातली सकाळ, उन्हे तापण्यापूर्वी. फेब्रुवारीनंतर दुपारी पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि घारीही वर चढतात. एखादी घार विमानावर झडपही घालते. जून ते सप्टेंबर येथे पाऊस मुक्काम ठोकतो. तेवढे चार महिने बॅटऱ्या घटामागे ३.८ व्होल्टवर आणून कोरड्या जागी ठेवाव्यात, मोडलेले पंख जोडावेत आणि खाचरे रिकामी होईपर्यंत सिम्युलेटरवर उतरण्याचा सराव करत राहावे.