मुलींचा व्यायाम, संप्रेरके आणि आहार

सोलापूर जिल्ह्यातील मुली आता मैदानावर मोठ्या संख्येने दिसतात. शाळाशाळांतून खो-खोचे संघ आहेत, पोलीस भरतीसाठी ८०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या तरुणी आहेत. याच जिल्ह्यातील किरण नवगिरे २०२२ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघात पोचली. या उत्साहाबरोबर एक जुनी शंकाही घराघरांतून वावरत असते : फार पळाल्याने मुलीची पाळी बिघडते, तेव्हा तिने खेळू नये. ही शंका अगदीच निराधार नाही. परंतु तिचा दोष व्यायामाच्या माथी मारणे योग्य नव्हे.

अंतःस्रावी ग्रंथी रक्तात जी द्रव्ये सोडतात त्यांना संप्रेरके म्हणतात. व्यायामाचा जोर वाढतो तसा त्यांचा स्रावही बदलतो. गप्पा मारीत चालण्याने फारसा फरक पडत नाही. धाप लागून वाक्य तुटू लागले, की अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रिनलिन झपाट्याने स्रवू लागते आणि मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी वाढ-संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेच्या साधारण ६० टक्क्यांपलीकडे व्यायाम गेला आणि काही वेळ टिकला, तर कॉर्टिसॉलही वाढते. विश्रांती मिळाली की ही वाढ काही तासांत ओसरते. निरोगी मुलीच्या बाबतीत त्यात भिण्यासारखे काही नाही.

मासिक पाळीचे गणित वेगळे आहे. मेंदूच्या इशाऱ्यावरून पियूषिका ग्रंथी ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडते, त्यामुळे बीजांडकोश कार्यरत राहतो व इस्ट्रोजेन तयार होते. हे ठोके मंदावले की पाळी लांबते वा थांबते. ते व्यायामाच्या ताणाने मंदावतात की उपासमारीने, हा प्रश्न अमेरिकेतील संशोधिका ॲन लाउक्स यांनी तरुण स्त्रियांवरील प्रयोगांतून तपासला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता : व्यायाम तोच ठेवून पुरेसे खायला दिले, तर ठोके सुरळीत राहतात. २००३ मधील त्यांच्या प्रयोगांत त्याची मर्यादाही दिसून आली. व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ३० उष्मांकांहून कमी ऊर्जा उरली, की पाचच दिवसांत बिघाड सुरू होतो.

हा हिशेब आपल्याकडच्या ताटावर मांडून पाहावा. ४५ किलो वजनाच्या मुलीचे चरबीविरहित वजन ३५ किलो धरू. ती दिवसाला १,४०० उष्मांक खाते आणि सकाळ-संध्याकाळ मिळून दहा किलोमीटर धावते. धावण्यात सुमारे ४५० उष्मांक जातात. उरलेले ९५० म्हणजे किलोमागे जेमतेम २७. यात ज्वारीची एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे यांची भर घातली, तर सुमारे ३७० उष्मांक वाढतात व आकडा ३७ च्या पुढे जातो. मालदांडी ज्वारी आणि शेंगांची चटणी यांच्यासाठी नावाजलेल्या जिल्ह्यात हा उपाय परका वाटू नये. अडचण असते ती घरात मुलीने सर्वांत शेवटी जेवण्याच्या रिवाजाची.

पाळी थांबली म्हणजे सराव कसून चालला आहे, असा गैरसमज काही प्रशिक्षकांत आढळतो. तो घातक आहे. इस्ट्रोजेन घटले की, हाडे बळकट होण्याच्या नेमक्या वयात ती ठिसूळ राहतात आणि पायाच्या हाडाला बारीक चीर पडण्याचा धोका वाढतो. पाळी सलग तीन महिने न आल्यास शिक्षिकेने पालकांना विश्वासात घेऊन मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. कारण थायरॉइड ग्रंथीचा दोष किंवा इतर कारणेही संभवतात.

शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो; जोरकस सराव बहुधा त्यानंतर सुरू होतो. सरावानंतर गूळ-शेंगदाणे देण्याची सोय शाळेने करावी. ग्रामपंचायतींनाही महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाच्या १० टक्के निधीतून या खर्चाचा विचार करता येईल.