240 ओहमचं माप

सुरतमधल्या लिंबायतच्या गल्ल्यांत लूम चालू असले की शेजारी बसलेल्या माणसाशीही आवाज चढवूनच बोलावं लागतं. अशाच एका गल्लीत लॅपटॉप आणि एम्ब्रॉयडरी मशीनचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या टेबलाशी मी बसलो होतो. तो मूळचा धुळ्याकडचा. खानदेशातून आलेली घरं इथे इतकी आहेत की दुकानात गुजरातीच्या जोडीला मराठी आणि अहिराणीही सारखी कानावर पडते. टेबलावर एका लॅपटॉपची डीडीआर3 रॅम होती. सकाळी लॅपटॉप नीट चालायचा, दुपारी दुकानाचा पत्रा तापला की अडकायचा. मेमरी टेस्ट लावली तेव्हा दिसलं की चूक दरवेळी त्याच आठ बिटांत होते आहे. म्हणजे रॅमवरच्या आठ चिपांपैकी बिघाड एकाच चिपपाशी होता.

“भाऊ, चिपला हात लावायच्या आधी हे बघा,” म्हणत त्याने चिपशेजारचा एक दाणा भिंगाखाली दाखवला. एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद, वर अक्षरही नाही. बाकीच्या सात चिपांपाशी असाच एकेक दाणा होता आणि मल्टिमीटर तिथे 240 ओहम दाखवत होता. इथे मात्र आकडा ठरेना. टोकाने हलकेच दाबलं की 240, सोडलं की काहीच नाही. सोल्डरला तडा गेला होता.

या दाण्याबद्दल लिहायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं. अब्जावधी ट्रान्झिस्टरची चिप स्वतःचं माप घेण्यासाठी बाहेरच्या एका साध्या रेझिस्टरकडे बघते, ही मला आजच्या इलेक्ट्रॉनिक्समधली फार सुंदर गोष्ट वाटते.

चिपला स्वतःचं माप घ्यावं का लागतं? कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला धरून झटका द्या. लाट पलीकडच्या खिळ्यापर्यंत जाते आणि परत येते. बारीक दोरीला जाड दोरी बांधली असेल, तर गाठीपाशी लाटेचा काही भाग पुढे जातो आणि काही मागे फिरतो. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतही हेच घडतं. तिथे दोरीच्या जाडीच्या जागी असतो इम्पिडन्स. 40 ओहमच्या रेषेच्या टोकाला 60 ओहम भेटले तर लाटेचा पाचवा हिस्सा माघारी येतो. संथ सर्किटमध्ये हा प्रतिध्वनी विरून जातो आणि कुणाला कळतही नाही. पण सेकंदाला 160 कोटी बिट पाठवणाऱ्या डीडीआर3 तारेवर एका बिटाच्या वाट्याला जेमतेम 625 पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात बोर्डावरची लाट साधारण 9 सेंटिमीटर पुढे सरकते. मागच्या बिटाचा प्रतिध्वनी सरळ पुढच्या बिटावर येऊन आदळतो आणि एक की शून्य, हे ओळखणं कठीण होतं.

म्हणून बिट बाहेर ढकलणाऱ्या ड्रायव्हरचा रोध ठरलेलाच असावा लागतो. आणि नेमकं हेच सिलिकॉनला आपलं आपण जमत नाही. कारखान्यातून निघालेल्या दोन चिपांचे ट्रान्झिस्टर अगदी सारखे नसतात, शिवाय उष्णता आणि व्होल्टेज बदललं की तेही बदलतात. बाहेरचा रेझिस्टर मात्र 240 ओहमवर फार तर एक टक्का इकडेतिकडे, आणि चिपच्या मानाने तापमानाने फारसा न हलणारा. वाण्याच्या तराजूतलं वजन म्हणा हवं तर.

मोजायची रीत मला दर वेळी नव्याने आवडते. चिपच्या झेडक्यू नावाच्या पायाला हा रेझिस्टर जोडलेला असतो, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. चिपच्या आत ड्रायव्हरच्या वरच्या अर्ध्याची एक नक्कल असते, लहानलहान ट्रान्झिस्टरांचा जुडगा. तो पुरवठ्याकडून याच पायाला जोडला जातो. जुडगाही 240 ओहमचा असेल, तर पायावर पुरवठ्याच्या बरोबर निम्मं व्होल्टेज मिळतं. डीडीआर3 मध्ये 1.5 व्होल्टचं निम्मं, 0.75. कम्पॅरेटर एवढंच सांगतो की निम्म्याहून जास्त आहे की कमी. त्यावरून जुडग्यातले ट्रान्झिस्टर चालू-बंद होत राहतात, व्होल्टेज निम्म्यापाशी स्थिरावेपर्यंत. मग जुळवलेल्या या वरच्या जुडग्यालाच माप मानून खालचा जुडगा जुळवला जातो. सापडलेला आकडा सगळ्या खऱ्या ड्रायव्हरना दिला जातो. असे सात जुडगे समांतर लागले की 34 ओहमच्या जरा वर, सहा लागले की 40. रेषेच्या टोकाला लाट शोषून घेणारे रोधही याच 240 चे भाग: 120, 60, 40.

ही कल्पना डीडीआर3 च्या आधीही होती. नेटवर्कच्या उपकरणांत लागणाऱ्या वेगवान एसरॅम चिपांना असाच पाय असे. तिथे हव्या त्या इम्पिडन्सच्या पाचपट रेझिस्टर लावायचा, 50 ओहमसाठी 250. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने 2007 मध्ये डीडीआर3 चं मानक प्रसिद्ध केलं आणि 240 ओहमचा हा दाणा घराघरांत पोचला. मोबाइलच्या मेमरीत तर जागा वाचवायला दोन चिपा एकच रेझिस्टर वाटून घेऊ शकतात. मात्र मोजणी पाळीपाळीने करावी लागते. दोघींनी एकदम मोजलं, तर दोघींचंही माप चुकेल.

चालू होताना डीडीआर3 चिप या कामासाठी घड्याळाचे 512 ठोके घेते. वर सांगितलेल्या 160 कोटी बिटांच्या वेगाच्या रॅममध्ये हे 640 नॅनोसेकंद झाले. पुढे काम चालू असताना 64 ठोक्यांची छोटी मोजणी पुरते आणि तीत किमान अर्ध्या टक्क्याची चूक दुरुस्त होते. ती किती वेळाने करायची, याचं एक उदाहरण मानकातच सोडवून दाखवलं आहे. रोध दर अंशाला दीड टक्का आणि दर मिलिव्होल्टला 0.15 टक्के सरकतो, तापमान सेकंदाला एक अंश आणि व्होल्टेज सेकंदाला 15 मिलिव्होल्ट बदलतं, असं धरा. म्हणजे सेकंदाला पावणेचार टक्के घसरण. अर्धा टक्का भरायला 133 मिलिसेकंद लागतात, म्हणून साधारण दर 128 मिलिसेकंदांनी मोजा. आपण एक वाक्य वाचेपर्यंत रॅमने दहावीस वेळा स्वतःला त्या दाण्याशी ताडून पाहिलेलं असतं.

लिंबायतच्या मे महिन्यात, लूमच्या भारामुळे वीज वरखाली होत असताना, हे गणित कागदावरचं राहत नाही. आणि आता मेमरीचं काम गुजरातेतही येतं आहे. साणंदला मेमरी चिपांची जुळणी आणि चाचणी करण्याचा प्रकल्प मायक्रॉनने जून 2023 मध्ये जाहीर केला. माझ्या मित्रासारख्या माणसांचं शिक्षण कुठल्या कोर्समधून झालेलं नाही, बिघडलेल्या बोर्डांवर झालं आहे. तडा शोधायची त्यांची नजर अशा कामाशी जोडली जावी, असं मला मनापासून वाटतं.

त्याने फ्लक्सचा ठिपका लावला, गरम हवेची नळी जवळ नेली. सोल्डर चमकला आणि दाणा आपोआप जागेवर सरकून सरळ झाला. थंड झाल्यावर टोकाने दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं, मल्टिमीटर 240 वरून हलला नाही. मग रॅम बसवून टेस्ट लावली आणि मुद्दाम पंखा बंद केला. चारच्या सुमारास, पत्रा सगळ्यात तापलेला असताना, तिसरी फेरी पूर्ण झाली. त्या आठ बिटांत एकही चूक नव्हती. त्याने पंखा लावला आणि मशीन न्यायला या म्हणून गिऱ्हाइकाला फोन केला.