बुरशीचा अबोला

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की चार दिवसांत वर बुरशी धरते, घरात कुणाला तरी बोलणी बसतात, लोणचे फेकले जाते आणि बुरशीचा विषय तिथेच संपतो. आज तो जरा पुढे न्यायचा आहे.

बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही. ती पाचक रस अंगाबाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. म्हणजे तिचे ताट कायम उघड्यावर मांडलेले असते, आणि भोवती असंख्य जंतू त्यावर टपलेले असतात. जागा सोडून पळणे तिला शक्य नाही. म्हणून ती लढते ती रसायनांनी. यांतली काही रसायने माणसाच्या कामी येतात, आणि खरी अडचणही इथेच आहे. ही रसायने तिला जगण्यासाठी रोज लागत नाहीत. प्रसंग आला तरच ती करते. प्रयोगशाळेतल्या चंबूत शत्रू नाही, अन्न मुबलक. मग तिने ती का करावीत?

पेनिसिलीनच्या कथेतला फ्लेमिंग यांचा 1928 सालचा भाग सर्वांना ठाऊक असतो. मला महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा. ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी 25 मे 1940 रोजी आठ उंदरांना मारक जंतू टोचले व त्यांतल्या चारांना पेनिसिलीन दिले. दुसऱ्या दिवशी ते चारच जिवंत होते. परंतु माणसासाठी लागणारे औषध आणायचे कुठून? बुरशी पोषकद्रवाच्या पृष्ठभागावर दुधावरच्या सायीसारखी वाढे, म्हणून उथळ भांडी हवीत. हीटली यांनी रुग्णालयातली बेडपॅन वापरली, आणि मग तशाच घाटाची चिनी मातीची भांडी घडवून घेतली. ती सांभाळायला तरुण मुली नेमल्या होत्या. ‘पेनिसिलीन गर्ल्स’ म्हणून त्यांचा उल्लेख होतो, नावे मात्र क्वचितच दिली जातात. फेब्रुवारी 1941 मध्ये एका पोलीस शिपायाला हे औषध दिले. त्याला उतार पडू लागला. साठा इतका तुटपुंजा की त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून त्यालाच देत. तरी साठा संपला, आणि मार्चमध्ये तो मरण पावला. औषध सापडले होते. बुरशी ते पुरेसे देत नव्हती.

त्याच वर्षी जुलैत फ्लोरी व हीटली अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी कृषि-प्रयोगशाळेत गेले. मक्यापासून स्टार्च काढताना मका ज्या पाण्यात भिजवतात ते पाणी तिथे टाकाऊ म्हणून पडून असे. अँड्र्यू मॉयर यांनी ते पोषकद्रवात घातले आणि उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. गंमत अशी की त्या पाण्यातल्या काही घटकांमुळे पेनिसिलीनचा प्रकारही बदलला: ऑक्सफर्डची बुरशी देई तो एक, अमेरिकेत मिळाला तो दुसरा. पुढे नेमका तसला घटक मुद्दाम घालून हवा तो प्रकार काढून घेण्याची रीत पडली.

मॉयर यांनी साखरही बदलली. ग्लुकोज भरपूर दिले की बुरशी झपाट्याने अंग धरते आणि पेनिसिलीनकडे पाठ फिरवते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, तिला सावकाश पचते. ती दिली की वाढ मंदावते आणि पेनिसिलीन उतरू लागते. हे सांगितले की एखादे मालक हसून म्हणतात, “पाहा, अर्धपोटी ठेवले की काम होते!” चळवळीत आयुष्य गेल्यामुळे मला याचे उत्तर देणे भाग आहे. बुरशी उपाशी ठेवली तर ती मरते, पेनिसिलीन देत नाही. पुढे ग्लुकोजच थेंबथेंब, पण न थांबता देण्याची पद्धत आली आणि तिनेही तेच साधले. तिला लागतो तो बेताचा पण खंड न पडणारा शिधा, आणि भरपूर हवा.

1943 साली पिओरियाच्या बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर याहून उदार वाण सापडला. त्यावर क्ष-किरण आणि अतिनील किरण सोडून, हजारो वंशजांतून चांगले निवडून, पुन्हा किरण, पुन्हा निवड असे चालू राहिले. आरंभी लिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम मिळत असे. आजचे वाण लिटरमागे पन्नास ग्रॅमपर्यंत देतात.

इतर बुरश्यांनीही पुष्कळ दिले. आपल्यापैकी जे रात्री कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, त्यांच्या गोळीच्या घराण्याचा मूळपुरुष जपानमध्ये अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात एका पेनिसिलियम बुरशीतूनच काढला. त्यासाठी त्यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या होत्या.

नंतर मात्र नवे सापडेना. चाळावे ते तेच ते हाती लागे, आणि इकडे रोगजंतू जुन्या औषधांना सरावत चालले. अशा वेळी 2005 साली ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. रसायन बनवणारी जनुके बुरशीत बहुधा शेजारी-शेजारी, टोळीने बसतात. अशा टोळ्या मोजल्या तर ठाऊक असलेल्या रसायनांपेक्षा कितीतरी जास्त भरल्या. म्हणजे बुरशीपाशी कसब होते. ती गप्प होती.

तिला बोलते कसे करावे? एक मार्ग साधा आहे: बुरशी तीच, पण भांडे, अन्न, उजेड, ऊब बदलून पाहायची. दुसरा मार्ग मला अधिक मोहक वाटतो. जर्मनीतल्या येना येथील संशोधकांनी 2009 साली हीच ॲस्परजिलस मातीतल्या 58 सूक्ष्म जंतूंबरोबर एकेक करून वाढवली. त्यांतल्या एकाच्याच सहवासात एक गप्प टोळी जागी झाली. जंतू ज्या पाण्यात वाढला ते पाणी ओतून भागेना. दोघांचे अंगाला अंग लागावे लागे. जी रसायने मिळाली त्यांत एक एरवी लायकेनमध्ये आढळणारे होते. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल हे लायकेनच, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. काही रसायने हाडे झिजवणाऱ्या एका पाचकद्रव्याला आवर घालणारी निघाली.

हे घडते कसे, याचाही उलगडा होत आहे. जनुकांचा धागा बॉबिनवर सूत गुंडाळावे तसा प्रथिनांच्या गुंडाळ्यांवर असतो. गुंडाळी घट्ट असली की तिथली जनुके वाचली जात नाहीत. त्या जंतूच्या स्पर्शाने बुरशी स्वतःच आपली गुंडाळी सैल करते, असे 2011 साली दिसून आले. काही औषधी द्रव्ये घालूनही ती सैल करता येते. मात्र कोणती टोळी जागी होईल, हे आधी सांगता येत नाही.

चंबूत मिळालेले चिमूटभर रसायन हे अजून औषध नव्हे. हजारो लिटरच्या टाकीत तीच बुरशी पुन्हा हट्ट धरते: हवा कमी पडली, फेस चढला, परका जंतू शिरला की सगळा घाणा फुकट. हे कसब आपल्याकडे होते. पिंपरीला 1954 साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने सरकारी कारखाना उभा राहिला, आणि 1955 पासून तिथे पेनिसिलीन निघू लागले. पुढे चीनचा स्वस्त माल आला आणि देशातल्या पेनिसिलीनच्या टाक्या एकामागून एक थंडावल्या. 2024 साली आंध्रात काकिनाड्याजवळ एका खाजगी कारखान्यात हे काम पुन्हा सुरू झाले. टाकीवरचा फेस पाहून आतल्या बुरशीचा रागरंग ओळखणारे पिंपरीचे पहिले कामगार तोवर केव्हाच निवृत्त झाले होते.